यंत्र खोटं बोलत नाही म्हणे!

सध्या कुणालाही सांगा, "मी सायबर सिक्युरिटीत आहे", की समोरच्याच्या डोळ्यांत लगेच आदर दिसतो. त्याच माणसाला सांगा, "सायबर सिक्युरिटीत पीएचडी करायचा विचार आहे", की आदर जातो आणि काळजी येते. "का रे, कंपनीत काही प्रॉब्लेम झालाय का?" ऑफिसातले मित्र पॅकेज विचारतात. मावशी त्याहून थेट: "पीएचडी किती वर्षांची? आणि मग लग्न कधी?" :)

गंमत सोडा, पण या प्रतिक्रियेमागे एक ठाम समज आहे. खरं काम इंडस्ट्रीत होतं, कॉलेजात राहतात ते ज्यांना बाहेर जमलं नाही ते. बाकी विषयांचं मला माहीत नाही. पण सायबर सिक्युरिटी आणि त्यातही डिजिटल फॉरेन्सिक्स या विषयात हा समज चुकीचा आहे, इतकंच नाही तर धोकादायक आहे, असं माझं मत आहे. आजचा लेख त्यावरच. जरा लांबलाय, चहा घेऊन बसा.

आमच्या धंद्यात दोन प्रश्न असतात. पहिला: आत कोण शिरलं आणि काय नेलं? दुसरा: हे आपण कशावरून म्हणतो?

पहिल्या प्रश्नाला भरपूर पैसा आहे. पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये दोन-तीन दिवसांत ९४ कोटी रुपये गेले, त्यानंतर कुठल्याही बँकेला या प्रश्नाचं महत्त्व समजावून सांगावं लागत नाही. माझं रोजचं काम याच प्रश्नाचं, इन्सिडंट रिस्पॉन्सचं. कुणाच्या तरी सर्व्हरमध्ये कुणीतरी शिरतं, आम्हाला रात्री-अपरात्री फोन येतो, आम्ही लॉग काढतो, डिस्कची इमेज घेतो, टूल चालवतो, रिपोर्ट देतो. क्लायंटला घाई असते. सोमवारी धंदा सुरू झाला पाहिजे. त्याला ९० टक्के खात्री पुरते, आणि त्याच्या जागी ते बरोबरही आहे.

पण तीच ९० टक्के खात्री कोर्टात गेली तर? समोर क्लायंट नाही, आरोपी आहे, आणि सोमवारी धंदा नाही, सात वर्षांची शिक्षा सुरू होणार आहे. तिथे दुसरा प्रश्न येतो. आणि हा प्रश्न विचारायचा पगार कुठलीच कंपनी देत नाही.

आधी फॉरेन्सिक्समध्ये नेमकं काय करतात ते थोडक्यात. जप्त केलेली हार्ड डिस्क थेट उघडून बघत नाहीत. राईट ब्लॉकर नावाचं उपकरण मधे लावतात, म्हणजे डिस्कवर काही लिहिलं जाऊ नये. मग तिची बिट-न्-बिट नक्कल घेतात आणि हॅश काढतात. हॅश म्हणजे त्या सगळ्या डेटावरून गणिताने काढलेला एक आकडा. एक बिट जरी बदलला तरी आकडा पार बदलतो. पुढे कधीही शंका आली तर पुन्हा हॅश काढायचा. जुळला, म्हणजे नक्कल जशीच्या तशी आहे.

इथपर्यंत छान. पण हॅश जुळल्याने सिद्ध काय होतं? जप्तीनंतर काही बदललं नाही, एवढंच. धान्याच्या पोत्याचं सील शाबूत आहे म्हणजे वाटेत कुणी पोतं उघडलं नाही. आतल्या गव्हात खडे आहेत का, आणि असले तर ते शेतकऱ्याने घातले की आडत्याने, हे सील सांगत नाही. फाइल कुणी बनवली, कधी बनवली, त्या माणसाला ती माहीत तरी होती का, या सगळ्याची उत्तरं टूलने काढलेल्या अर्थावर असतात. आणि टूल म्हणजे सॉफ्टवेअर. सॉफ्टवेअर कसं बनतं हे आपल्यासारख्यांना कुणी वेगळं सांगायला नको. शुक्रवारी संध्याकाळी साडेसातला केलेला रिलीज आठवा.

उदाहरणं देतो. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये २०११ साली केसी अँथनी हिच्यावर स्वतःच्या लहान मुलीच्या खुनाचा खटला चालला. सरकारी पक्षाने सांगितलं की घरच्या कॉम्प्युटरवरून क्लोरोफॉर्मची माहिती देणारं एक पान ८४ वेळा उघडलं गेलं होतं. चौऱ्याऐंशी! ज्यूरीसमोर हा आकडा काय करू शकतो विचार करा. प्रत्यक्षात ते पान उघडलं गेलं होतं एकदा. ब्राउझरची हिस्टरी वाचणाऱ्या टूलने एका साइटचा आकडा दुसरीच्या नावावर लावला होता. दुसऱ्या एका टूलने 'एकदा' हे बरोबर उत्तर आधीच दिलं होतं. चूक शोधली ती ८४ सांगणाऱ्या टूलच्या निर्मात्यानेच, आणि त्याने ती स्वतःहून कळवली. खुनाच्या आरोपातून ती बाई सुटली, तो भाग वेगळा. पण निर्माता गप्प बसला असता तर?

डेन्मार्कमध्ये २०१९ साली लक्षात आलं की टेलिफोन कंपन्यांकडून आलेला टॉवरचा डेटा वाचणारी पोलिसांची सॉफ्टवेअर प्रणाली काही नोंदी गाळत होती. अमुक माणूस तमुक वेळी कुठे होता हे त्यावरून ठरवलेलं. सरकारने दोन महिने हा पुरावा वापरायचंच थांबवलं. दहा हजारांहून जास्त जुन्या खटल्यांची फेरतपासणी काढावी लागली, आणि कोठडीतल्या ३२ जणांना सोडावं लागलं.

ब्रिटनचं पोस्ट ऑफिस प्रकरण आता सगळ्यांना माहीत आहे. होरायझन नावाच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरने तूट दाखवली म्हणून १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून जास्त जणांना चोर ठरवलं गेलं. गल्लीतली छोटी पोस्टं चालवणारी साधी माणसं. काहींना तुरुंग, काहींचं घर गेलं. आणि यात एक तपशील मला फार बोचतो. आधी ब्रिटनमध्ये कॉम्प्युटरचा पुरावा द्यायचा तर मशीन नीट चालत होतं हे दाखवावं लागायचं. १९९९ च्या कायद्याने ही अट काढून टाकली. त्यानंतर यंत्र बरोबर चालतं असंच गृहीत, चूक दाखवायची तर आरोपीने दाखवा. कशी दाखवणार? सोर्स कोड कंपनीकडे, लॉग कंपनीकडे, तज्ज्ञही कंपनीचाच. यंत्राच्या बाजूने निकाल आधीच लागलेला होता. शेवटी डिसेंबर २०१९ मध्ये हायकोर्टाने सॉफ्टवेअरमधले दोष मान्य केले आणि २०२४ मध्ये संसदेला खास कायदा करून शिक्षा रद्द कराव्या लागल्या.

आपल्याकडे म्हण आहे ना, चोर सोडून संन्याशाला फाशी. म्हण जुनी, पण हल्ली ती फाशी सॉफ्टवेअर देतं आणि कुणाला वाईटही वाटत नाही, कारण 'कॉम्प्युटर खोटं बोलत नाही'.

बरं, टूल बरोबर असलं तरी टूलसमोर बसलेला माणूस? नॉर्वेच्या पोलीस विद्यापीठात शिकवणाऱ्या निना सुंडे आणि मानसशास्त्रज्ञ इटिएल ड्रोर यांनी २०२१ साली एक फार साधा प्रयोग प्रसिद्ध केला. ५३ डिजिटल फॉरेन्सिक तपासनीस घेतले, सगळ्यांना एकाच डिस्कची एकच इमेज दिली. फक्त सोबतची हकिगत वेगवेगळी. काहींना सुचवलं की संशयित दोषी दिसतोय, काहींना सुचवलं की निर्दोष असावा. ज्यांना 'निर्दोष असावा' सांगितलं त्यांना डिस्कवर कमी खुणा सापडल्या. डिस्क तीच! आणि एकच हकिगत मिळालेल्या तपासनिसांचीही उत्तरं एकमेकांशी नीट जुळली नाहीत.

आता हा प्रयोग कुठली कंपनी करेल? 'आमची माणसं एकाच डिस्कवरून वेगवेगळी उत्तरं देतात' असं ब्रोशरवर कोण छापेल? पोलीस खातं तरी आपणहून कशाला करेल? हा प्रयोग फक्त तोच करू शकतो ज्याच्या पगाराला या उत्तराने धक्का लागत नाही. विद्यापीठातली नोकरी म्हणजे माझ्या लेखी मुख्यतः हेच आहे. कोर्टात एक खुर्ची सरकारी पक्षाची, एक बचाव पक्षाची. तिसरी खुर्ची अशी हवी जिला कोण जिंकतं याच्याशी देणंघेणं नाही, पुरावा किती वजनाचा आहे एवढंच सांगायचंय.

हे सगळं परदेशातलं झालं. आता आपल्याकडे या.

कॉम्प्युटरच्या पुराव्याबद्दलचा आपल्या सुप्रीम कोर्टाचा एक महत्त्वाचा निकाल जालन्याच्या निवडणुकीतून आलाय. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल. मुद्दा काय, तर २०१४ च्या विधानसभेला उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर भरला का? निवडणूक कार्यालयात व्हिडिओ चित्रीकरण झालं होतं, त्याच्या व्हीसीडी कोर्टात आल्या. पण पुरावा कायद्याच्या कलम ६५ ब प्रमाणे लागणारं प्रमाणपत्र अधिकारी देईनात. सुप्रीम कोर्टाने जुलै २०२० मध्ये सांगितलं की प्रती द्यायच्या तर प्रमाणपत्र हवंच, आणि अधिकारी देत नसेल तर कोर्टाकडून आदेश घ्या. सगळा वाद कागदाचा. व्हिडिओतलं घड्याळ बरोबर होतं का, हा आपल्यासारख्या इंजिनिअरला पहिल्यांदा सुचणारा प्रश्न त्या वादाच्या केंद्रात नव्हताच.

१ जुलै २०२४ पासून जुना पुरावा कायदा जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्याच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र दोन भागांत आहे. एक भाग पुरावा देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. हॅशही लिहायचा. हे नक्कीच पुढचं पाऊल आहे, टाळ्या वाजवायला हव्यात. पण त्या नमुन्यात हॅशचे जे पर्याय छापलेत त्यात एसएचए-२५६ च्या जोडीला एमडी-५ आणि एसएचए-१ सुद्धा आहेत. एमडी-५ मध्ये दोन वेगळ्या फाइलींचा एकच हॅश काढता येतो हे चीनच्या शांडोंग विद्यापीठातल्या शियाओयुन वांग यांच्या गटाने २००४ साली दाखवलं. एसएचए-१ चं तेच २०१७ साली ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या गणित संस्थेने गूगलसोबत करून दाखवलं. आता न्याय्य बोलायचं तर याचा अर्थ जप्त केलेली फाइल कुणीही सहज बदलू शकतो असा नाही. दोन्ही फाइली आधीपासून एकाच माणसाच्या हातात असतील तर ही युक्ती चालते. पण नेमका हाच बारकावा कायद्याचा नमुना बनवताना सांगायला टेबलाशी कुणीतरी बसलेलं हवं, आणि त्याला ऐकणारंही कुणी हवं.

दुसरी गोष्ट, त्या प्रमाणपत्रातला 'तज्ज्ञ' आणायचा कुठून? नव्या फौजदारी प्रक्रियेत सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचं आहे, राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत दिली आहे. म्हणजे माणसं लागणार, खूप लागणार. माणसांना शिकवणारी माणसं लागणार. आणि शिकवणाऱ्याने स्वतः कधी टूलची चूक पकडलेली नसेल, तर तो शिकवणार काय? हे बटण दाबा, मग ते बटण दाबा, पीडीएफ एक्स्पोर्ट करा.

तिसरी गोष्ट जरा नाजूक आहे. एल्गार परिषद प्रकरणात २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी आरोपींचे लॅपटॉप वगैरे जप्त केले. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या आर्सेनल कन्सल्टिंग या फर्मने बचाव पक्षाकडून आलेली इमेज तपासून सांगितलं की एका लॅपटॉपमध्ये मालवेअरच्या वाटेने फाइली पेरल्या गेल्या. राष्ट्रीय तपास यंत्रणेला हे मान्य नाही. खरं कोणाचं ते न्यायालय ठरवेल, आणि तुमचं राजकीय मत काय हे मी विचारत नाही, माझंही सांगत नाही. माझा प्रश्न इंजिनिअरचा आहे. पुण्यात ज्या शहरात दर दोन चौकांनंतर एक इंजिनिअरिंग कॉलेज आहे, त्या शहरात नोंदवलेल्या प्रकरणातली डिस्क स्वतंत्रपणे तपासून घ्यायला अटलांटिकपार का जावं लागतं? दोन्ही पक्षांनी 'हे लोक सांगतील ते मान्य' म्हणावं अशी विद्यापीठातली एक प्रयोगशाळा आपल्याकडे का नाही?

सरकारी प्रयोगशाळा आहेत की, असं तुम्ही म्हणाल. आहेत. कलिनाची आहे, इतर शहरांतल्या आहेत, तिथली माणसं कामाच्या ढिगाऱ्याखाली प्रामाणिकपणे काम करतात. पण त्या गृह खात्याच्या आहेत, आणि त्यांचं काम आलेली केस तपासणं हे आहे. पद्धतच बरोबर आहे का हे तपासायला त्यांना सवड कुठून मिळणार?

पद्धत तपासणं म्हणजे काय, हे दोन कामांवरून सांगतो. ही दोन्ही कामं मला मनापासून आवडतात.

पहिलं: एमआयटीत विद्यार्थी असताना सिमसन गार्फिंकेल आणि अभि शेलत यांनी २००० ते २००२ या काळात जुन्या बाजारातून १५८ हार्ड डिस्क विकत घेतल्या. जुन्या बाजारातून! त्यातल्या १२९ चालल्या, आणि नीट पुसलेल्या निघाल्या फक्त १२. बाकीच्यांवर लोकांची पत्रं, क्रेडिट कार्डांचे हजारो नंबर, आणि एक डिस्क तर चक्क एटीएममधली, आतल्या व्यवहारांसकट. 'फॉरमॅट मारलं म्हणजे गेलं' हा जगभरचा समज दोन पोरांनी भंगारातल्या डिस्क घेऊन मोडला. यासाठी सुपरकॉम्प्युटर लागला नाही. चिकाटी लागली, आणि दोन वर्षं हेच करू देणारी जागा लागली.

दुसरं: ऑस्ट्रेलियातल्या मर्डोक विद्यापीठाचे ग्रॅहम बेल आणि रिचर्ड बॉडिंग्टन यांनी २०१० मध्ये एसएसडीवर प्रयोग केले. मघाशी मी राईट ब्लॉकरचं सांगितलं. सगळ्या फॉरेन्सिक्सचा पाया तो. यांनी दाखवलं की फॉरमॅट मारलेली एसएसडी, राईट ब्लॉकर लावूनही, नुसती वीज मिळाली की आपली आपण आतला जुना डेटा साफ करू शकते. बाहेरून कुणी काही लिहित नाही, ड्राइव्हच्या आतला कंट्रोलर झाडूपोछा करतो. म्हणजे डिस्क बदलली तर कुणीतरी छेडछाड केली, हे जुनं गणित संपलं. हे कुणी प्रयोग करून दाखवलं नसतं, तर एखाद्या बिचाऱ्या हवालदारावर पुरावा नष्ट केल्याचा ठपका आला असता, किंवा एखाद्या आरोपीवर.

असे न विचारलेले प्रश्न आजही पुष्कळ पडले आहेत. साधं वेळेचं बघा. एनटीएफएस वेळ यूटीसीत ठेवते, एफएटी-३२ पेनड्राइव्ह स्थानिक वेळ ठेवतो. टूलच्या सेटिंगमध्ये घोळ झाला तर साडेपाच तासांचा फरक. रात्री अकराची फाइल पहाटे साडेचारची होते. साडेपाच तासांत माणूस पुण्याहून मुंबईला जाऊन खून करून परत येऊ शकतो (एक्स्प्रेसवेला ट्रॅफिक नसेल तर). आपल्या बाजारात विकले जाणारे स्वस्त अँड्रॉइड फोन, त्यांची कंपनीगणिक वेगळी सॉफ्टवेअर, देवनागरीत केलेलं टायपिंग, रोमन लिपीत लिहिलेलं मराठी, यूपीआयच्या ॲपमागे राहणाऱ्या खुणा... यावर कुठलं टूल किती चुकतं हे तपासणं म्हणजे काय करायचं? दहा फोन घ्या, आपणच त्यात घडामोडी घडवा, म्हणजे खरं काय ते आपल्याला आधीच माहीत. मग टूल चालवा, किती सापडलं, किती सुटलं, किती खोटं सापडलं ते मोजा आणि छापा. अमेरिकेत एनआयएसटी ही सरकारी संस्था टूलची अशी तपासणी करून अहवाल खुले ठेवते. आपल्या फोनचं काम आपल्यालाच करावं लागेल.

आता दुसरी बाजू. तुम्हाला पीएचडीला जा म्हणून गळ घालायची आणि खर्च लपवायचा, हे विमा एजंटचं काम झालं.

पैसे. २०२३ पासून जेआरएफ महिना ३७,००० रुपये आहे, नंतर ४२,०००. काही ठिकाणी वर घरभाडं भत्ता. २०१८ साली सुरू झालेली पंतप्रधान संशोधन फेलोशिप मिळाली तर ७० ते ८० हजार, पण ती मोजक्यांना. पाच-सहा वर्षांचा अनुभव असलेल्या सिक्युरिटी इंजिनिअरला हे आकडे वाचून हसू येईल किंवा रडू. त्यात फ्लॅटचा ईएमआय असेल तर विषयच संपला. पुढे असिस्टंट प्रोफेसर झालात तर यूजीसीच्या वेतनश्रेणीत सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७००. आयआयटीत बरंच बरं. खाजगी कॉलेजात काय मिळतं ते तिथल्या मित्रांना विचारा, मी इथे लिहीत नाही.

दर्जा. हे लिहिताना वाईट वाटतं, पण आपल्याकडे 'सायबर सिक्युरिटीत संशोधन' म्हणून जे छापून येतं त्यातलं बरंचसं घासून घासून गुळगुळीत झालेलं असतं. केडीडी-९९ नावाचा एक डेटासेट आहे. १९९८ मध्ये प्रयोगशाळेत बनवलेल्या नेटवर्क ट्रॅफिकवरचा. त्याच्यावर तेव्हाच टीका झाली, त्याची धुऊन पुसून नवी आवृत्ती २००९ मध्ये निघाली, आणि तिच्यावर नवनवे मशीन लर्निंग अल्गोरिदम चालवून '९९ टक्के अचूकता' सांगणारे पेपर त्यानंतरही येत राहिले. डायल-अपच्या काळातले हल्ले आपण इतके अचूक पकडतोय की विचारू नका! मोडेमवरून कुणी आलाच तर सुटणार नाही. पीएचडी करायची तर ही असली नाही.

कायदा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ मध्ये परवानगीशिवाय कॉम्प्युटरमध्ये शिरण्याला नुकसानभरपाई आणि शिक्षा आहे, ते योग्यच. पण चांगल्या हेतूने दोष शोधणाऱ्या संशोधकासाठी त्यात वेगळी सवलत नाही. हरी प्रसाद या हैदराबादच्या इंजिनिअरने मिशिगन विद्यापीठाचे ॲलेक्स हाल्डरमन आणि रॉप गॉनग्रिप यांच्यासोबत २०१० मध्ये मतदान यंत्रावरचा पेपर लिहिला. ते यंत्र मुंबईतून चोरीला गेल्याच्या तक्रारीवरून ऑगस्ट २०१० मध्ये प्रसाद यांना अटक झाली. यंत्राच्या वादात मला इथे शिरायचं नाही. पण तपासायला यंत्र मागून रीतसर मिळण्याची वाट असेल, तर अशी वेळ येणार नाही, एवढं दोन्ही बाजूंना पटावं.

मग जावं तरी कुणी? माझ्या मते तीन प्रकारच्या लोकांनी जाऊ नये. ज्याला नोकरीचा कंटाळा आलाय त्याने (सुट्टी घ्या). ज्याला नावामागे डॉक्टर लावायचंय त्याने. आणि ज्याला प्रश्न नाही, फक्त विषय आहे त्याने. 'ब्लॉकचेन वापरून काहीतरी' हा प्रश्न नव्हे. रिपोर्टमध्ये 'बहुधा' लिहायचं की 'निश्चित', यावर ज्याची रात्रीची झोप खरंच उडते, त्याने मात्र गंभीरपणे विचार करावा. जागा आता पूर्वीपेक्षा बऱ्या आहेत. गांधीनगरचं राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ २०२० मध्ये झालं, गोव्यातही त्याचा कॅम्पस आहे. आयआयटी कानपूरला सायबर सिक्युरिटीचं मोठं केंद्र आहे. तिरुवनंतपुरमच्या सी-डॅकने तर फॉरेन्सिक्सची स्वतःची टूल बनवली आहेत. नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएचडीची सोयही २०२२ च्या यूजीसी नियमांत आहे. फक्त गाईड निवडताना त्याचे पेपर मोजू नका, त्यातले दोन वाचा.

एक आक्षेप राहिला. "एकट्या-दुकट्याने जाऊन काय फरक पडतो?" वर जी नावं आली ती मोजून बघा. ५३ तपासनिसांचा प्रयोग, दोघे. १५८ डिस्क, दोघे. एसएसडी, दोघे. या क्षेत्रात अजून इतकी कमी गर्दी आहे की दोन चिकट माणसं कोर्टातला एक गैरसमज कायमचा मोडू शकतात. लाखभर लोकांच्या कंपनीत आपल्यातल्या किती जणांच्या कामाबद्दल असं म्हणता येईल?

माझं स्वतःचं विचाराल तर मी अर्धवेळचे फॉर्म डाऊनलोड करून ठेवलेत. आईला सांगितलंय, ती म्हणाली, "शिकायचं म्हणतोयस तर शीक बाबा, पण नोकरी सोडू नकोस." सध्या तरी घरचा ठराव हाच आहे. मावशीला अजून सांगितलेलं नाही.

आणि ज्यांना कुठेच जायचं नाही, त्यांच्यासाठी एक छोटं काम. पुढचा इन्सिडंट रिपोर्ट लिहाल तेव्हा शेवटी एक परिच्छेद जोडा: 'हा निष्कर्ष चुकीचा असू शकतो का, आणि असेल तर कुठे'. मॅनेजर बहुतेक तो काढून टाकायला सांगेल. तरी लिहा. उद्या तोच रिपोर्ट कुणाच्या नोकरीवर किंवा तुरुंगावर उठला, तर त्या माणसाच्या वकिलाला तेवढा एकच परिच्छेद कामाला येईल.